आधी पाणी, मग वस्ती



२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चे विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात अलगद उतरले आणि अवघ्या देशाचा ऊर अभिमानाने भरून आला. त्या स्थानाला ‘शिवशक्ती’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने पुढचे टप्पे जाहीर केले. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय मानव! जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले आणि तेथे १८ दिवस राहून परतले. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले होते. त्यानंतर चार दशकांनी पुन्हा एका भारतीयाने तेथून आपली भूमी पाहिली.

हा सारा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. पाहुणा म्हणून जाणे निराळे आणि संसार मांडणे निराळे. पाहुणा शिदोरी बांधून जातो, चार दिवस राहतो आणि परततो. संसार मांडणाऱ्याला चूल लागते, पाणी लागते, गळके छप्पर दुरुस्त करणारा हात लागतो आणि पुढच्या पिढीचा विचार लागतो. पृथ्वीबाहेर माणूस दीर्घकाळ राहावयाचा असेल, तर त्या वस्तीचा पाया कसा असावा? हा प्रश्न अमेरिका आणि चीन यांच्या प्रयोगशाळांत जसा विचारला जात आहे, तसाच तो वाशिममध्येही विचारता येतो. किंबहुना वाशिममध्ये तो अधिक स्पष्टपणे विचारता येतो. कारण या प्रश्नाची तीन मूलद्रव्ये या जिल्ह्याच्या पायाखालीच आहेत. पहिले म्हणजे काळा पाषाण, दुसरे म्हणजे तळी आणि तिसरे म्हणजे पाण्याची वाण.

काळ्या पाषाणाचे नाते

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यातून आपला हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. पौर्णिमेच्या रात्री चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, ज्यांत आजीला ससा दिसतो आणि नातवाला हरिण दिसते, तेदेखील लाव्हारस थिजून झालेल्या बेसॉल्टचेच मैदान आहे. रिसोडचा शेतकरी ज्या खडकावर विहीर खोदतो, त्या खडकाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ आकाशात आहे, असे म्हटले तर ती केवळ कविकल्पना ठरणार नाही.

या नात्याचा पुरावा रिसोडच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उभा आहे. आकाशातून आलेल्या उल्केच्या आघाताने तेथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. बेसॉल्टमध्ये आघाताने झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे पृथ्वीवर अत्यंत विरळ आहेत. म्हणूनच चंद्र आणि मंगळ यांचा अभ्यास करणारे देशोदेशींचे शास्त्रज्ञ गेली पन्नासहून अधिक वर्षे लोणारचे दगड तपासत आले आहेत. आपल्या पूर्वजांनी त्या विवराला लोणासुराच्या वधाची कथा जोडली, काठावर मंदिरे उभारली आणि आत खारे सरोवर असूनही कड्यावरून येणारी गोड्या पाण्याची धार तीर्थ म्हणून जपली. खारट पाण्याशेजारी गोडे पाणी ओळखून ते पवित्र मानणे, ही वस्ती करणाऱ्याची दृष्टी आहे.

चंद्रावर राहण्यातील पहिली अडचण म्हणजे निवारा. तेथे वातावरण नाही आणि चुंबकीय कवच नाही. सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणारे घातक किरण थेट पृष्ठभागावर आदळतात. तेथील दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्रही तितकीच दीर्घ. विषुववृत्ताजवळ दिवसा उष्णता शंभर अंशांच्या पुढे जाते आणि रात्री पारा शून्याखाली शंभर अंशांहून खाली उतरतो. मात्र चांद्रयान-३ वरील तापमापकाने एक आशादायक गोष्ट दाखवली. पृष्ठभाग तापलेला असताना केवळ ८ सेंटिमीटर खोलीवर तापमान शून्याखाली सुमारे १० अंश होते. चंद्राची माती उष्णतेला आत शिरू देत नाही. ती उत्तम पांघरूण आहे. दोन-तीन मीटर जाडीचे हे पांघरूण घराभोवती घातले, तर किरणांपासूनही मोठे संरक्षण मिळते.

याहून सोपा मार्ग म्हणजे आयती गुहा. लाव्हारस वाहून गेल्यावर जमिनीखाली जे पोकळ बोगदे उरतात, तसे बोगदे चंद्रावरही आहेत. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांचा अभ्यास करून भारतीय शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये सुमारे १.७ किलोमीटर लांबीच्या अशा एका बोगद्याची नोंद केली. २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनी शांतिसागर या मैदानातील एका खोल खड्ड्याच्या तळाशी भुयार असल्याचे रडारच्या साहाय्याने दाखवून दिले. माणसाचे चंद्रावरील पहिले दीर्घकालीन घर हे आकाशाकडे झेपावणारा मनोरा नसून पाषाणाच्या पोटातील लेणे असण्याची शक्यता अधिक आहे.

आणि लेणे म्हटल्यावर वाशिमने मान ताठ करावी, हे योग्यच आहे. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे खोदविले, असे तेथील शिलालेख सांगतो. त्या लेण्यांत चित्रे होती, मूर्ती होत्या. पण त्याआधी ती लेणी म्हणजे वस्ती होती. पावसाळ्यात भिक्षूंनी राहावे, झोपावे, अध्ययन करावे यासाठी काळा पाषाण कोरून केलेली घरे होती. उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार अशी ही घरे. बाहेरून सामान आणून रचण्यापेक्षा आहे त्या पाषाणातून घर काढणे हे शहाणपण या भूमीत दीड हजार वर्षांपूर्वी होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अजिंठा होता म्हणून आपल्याला चंद्रावर घर बांधता येते, असा याचा अर्थ नाही. पुष्पक विमानाच्या कथेने मन उंचावते. पण हवाबंद दरवाजा कथेने बंद होत नाही. तो अचूक मोजमापाने बंद होतो. पूर्वजांचा अभिमान हा परिश्रमाला प्रेरणा देणारा असावा, परिश्रमाला पर्याय ठरणारा नसावा. अजिंठा कोरणाऱ्या कारागिराने पहिला घाव घालण्यापूर्वी खडक ठोकून पाहिला असेल, त्याची शीर ओळखली असेल. त्याचा खरा वारसा तो आहे.

आकाशातील गड

महाराष्ट्राला वस्तीचे शास्त्र शिकविणारा एक ग्रंथ आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचा अनुभव मुरलेल्या या मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या आरंभी दुर्गांविषयी जे लिहून ठेवले, ते आज अंतराळ वस्तीचा आराखडा करणाऱ्यांनीही वाचावे असे आहे. त्यातील सांगण्याचा मथितार्थ असा, की गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी करावीत. एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण युद्धप्रसंगी झरे आटू शकतात. म्हणून साठवणीची दोन-चार टाकी वेगळी राखावीत आणि त्यांतील पाणी एरवी खर्चू नये.

विचार करा, यात काय सांगितले आहे? स्थाननिश्चिती पाण्यावरून करावी. नसेल ते स्थानिक पाषाणातून निर्माण करावे. एकाच साधनावर विसंबू नये. राखीव साठा असावा आणि त्याला हात लावू नये. आजच्या अभियंत्याने हेच चार नियम निराळ्या भाषेत लिहिले असते.

चंद्रावरची वस्ती हा असाच एक गड आहे आणि त्याला पडलेला वेढा कधीच उठणारा नाही. पृथ्वीवरून चंद्रावर नेलेले एक किलो पाणी आजच्या हिशेबाने एक किलो सोन्यापेक्षा महाग पडते. त्यामुळे पाणी तेथेच शोधणे भाग आहे. २००८ साली प्रक्षेपित झालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणांनी, त्यांत एक अमेरिकन उपकरणही होते, चंद्रावर पाण्याचे अस्तित्व दाखवून दिले आणि जगाची चंद्राकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत कधीच ऊन पोहोचत नाही, तेथे बर्फ आहे. भारतासह सर्व देशांचे डोळे दक्षिण ध्रुवाकडे लागले आहेत ते या पाण्यासाठी. पाणी मिळाले की ते पिता येते, त्यातून श्वासासाठी प्राणवायू काढता येतो आणि हायड्रोजन व प्राणवायू मिळून अग्निबाणाचे इंधनही होते. चंद्राच्या मातीतही वजनाने सुमारे ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू आहे. परंतु तो खनिजांत घट्ट बांधलेला आहे. तो मोकळा करण्यासाठी प्रचंड उष्णता व वीज लागते आणि चौदा दिवसांच्या रात्रीत सौर ऊर्जा मिळत नाही. म्हणजे पाणी, हवा आणि वीज हे तीन प्रश्न एकाच गाठीचे आहेत.

मिळालेले पाणी टिकवायचे कसे, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने दिले आहे. नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसाचे वास्तव्य अखंड आहे. अंतराळवीरांचे मूत्र, घाम, श्वासातील बाष्प हे सारे गोळा करून, शुद्ध करून, पुन्हा पिण्यासाठी वापरले जाते. २०२३ मध्ये तेथील यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळविण्याचा टप्पा गाठला. शंभर थेंबांतील फक्त दोन हरवतात! आपल्या नगरांत किती थेंब परत येतात, हा प्रश्न येथे मनात येणे स्वाभाविक आहे. त्याकडे पुढे वळावेच लागेल.

चक्र मोडले तर

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एका चक्राचे वर्णन आहे. अन्नापासून जीव, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य आणि कर्मापासून यज्ञ. जो या चक्राला हातभार लावत नाही आणि केवळ भोग घेतो, त्याचे जिणे व्यर्थ म्हटले आहे. पृथ्वीवर हे चक्र इतके विशाल आहे, की एखाद्याने ते मोडले तरी त्याला लगेच शिक्षा होत नाही. शिक्षा नातवाला होते. अंतराळातील वस्तीत हे चक्र काही खोल्यांएवढे लहान असते. तेथे चूक सकाळी केली, तर परिणाम सायंकाळी दिसतो.

याचा धडा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात मिळाला. १९९१ साली तेथे काचेच्या एका प्रचंड हवाबंद वास्तूत आठ स्त्री-पुरुष दोन वर्षांसाठी राहावयास गेले. ‘बायोस्फिअर-२’ हे त्या प्रयोगाचे नाव. सुमारे तीन एकरांत शेती, छोटे अरण्य, छोटा समुद्र असे सारे होते. परंतु प्राणवायूचे प्रमाण हळूहळू २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांपर्यंत घसरले. माणसे धापा टाकू लागली आणि अखेर बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण काय निघाले? शेतीसाठी भरलेल्या अतिसकस मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू खात होते आणि त्यातून निघालेला कर्बवायू इमारतीचे उघडे काँक्रीट शोषून घेत होते. तो वनस्पतींपर्यंत पोहोचत नव्हता. विद्वानांनी हजारो गोष्टींचा हिशेब केला होता. भिंतीचा हिशेब राहून गेला! त्या प्रयोगाला कोणी अपयश म्हणतात. वास्तविक तो अमोल पाठ होता. २०१७-१८ मध्ये चीनने बीजिंगमधील एका विद्यापीठात असाच बंदिस्त प्रयोग ३७० दिवस यशस्वीपणे चालविला. मागच्यांच्या चुका अभ्यासणाऱ्याला पुढचे यश मिळते.

भारताची पावले लहान आहेत, पण योग्य दिशेने आहेत. ३० डिसेंबर २०२४ रोजी प्रक्षेपित झालेल्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यावर एका बंद डबीत चवळीचे आठ दाणे ठेवले होते. चौथ्या दिवशी त्यांना अंकुर फुटले आणि पुढे पानेही आली. शुभांशु शुक्लांनी अंतराळ स्थानकात मेथी आणि मुगाला मोड आणले. हा प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांचा होता. चवळी, मूग, मेथी! आपल्या घरच्या फडताळातील ही नावे. आपली माउली रात्री मूग भिजत घालते आणि सकाळी फडक्यात बांधते, तेव्हा थोड्या पाण्यात, थोड्या जागेत, विस्तवाशिवाय पोषण वाढविण्याची जी युक्ती ती वापरते, तीच युक्ती अंतराळात कामाला येत आहे.

घरबांधणीचेही तसेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या सहकार्याने २०२० मध्ये चंद्राच्या मातीसारखी माती, युरिया, एक जिवाणू आणि गवारीच्या बियांचा डिंक यांपासून वीट तयार केली. जिवाणू युरियाच्या साहाय्याने मातीचे कण चुन्यासारख्या पदार्थाने सांधतो आणि गवारीचा डिंक त्याला बळ देतो. युरिया मानवी मूत्रातूनही मिळू शकतो. म्हणजे जे टाकाऊ, तेच भिंतीत बसले. यात आपल्याकडच्या शेणमातीच्या भिंतीचे शहाणपण ओळखू येते, मात्र त्याला आता प्रयोगशाळेची कसोटी लागली आहे.

पंडित दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. निसर्गाशी वागताना मर्यादा पाळावी, गाईचे दूध काढावे तसे निसर्गाकडून घ्यावे, त्याला ओरबाडू नये, ही त्या विचारातील दृष्टी कार्यकर्त्यांना परिचित आहे. आजवर अनेकांना ती आदर्शवादी वाटली असेल. चंद्रावरच्या वस्तीत मात्र ती दृष्टी म्हणजे जगण्याची एकमेव रीत आहे. तेथे ओरबाडणारा चार दिवसही टिकणार नाही.

वाशिमचा शेतकरी विचारतो

आता एक प्रश्न टाळता येणार नाही. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला, तेव्हा २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचे नाव आले. येथील सोयाबीन आणि तूर आजही मुख्यतः आभाळाकडे पाहून पिकते. अशा जिल्ह्यातील शेतकऱ्याने विचारले, ‘माझ्या विहिरीला पाणी नाही आणि तुम्ही चंद्रावर पाणी शोधता?’ तर त्याला काय उत्तर द्यावे?

त्याला देशद्रोही ठरवू नये आणि त्याच्यापुढे केवळ अभिमानाचे भाषणही करू नये. त्याचा प्रश्न न्याय्य आहे. इस्रोच्या पायाभरणीच्या काळात डॉ. विक्रम साराभाई यांनीही हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. समाजाच्या खऱ्या अडचणी सोडविण्यासाठी प्रगत विज्ञान वापरण्यात भारताने कोणाच्या मागे राहू नये, अशी त्यांची धारणा होती. १९७० साली आपल्या दूरसंवेदनाचा एक आरंभीचा प्रयोग झाला, तो केरळात नारळाच्या झाडांवरील रोग हवेतून ओळखण्याचा होता! आज पावसाचा अंदाज, पिकांचे आकलन, भूजलाचे नकाशे यांसाठी उपग्रह राबत आहेत.

पण एवढे सांगून भागणार नाही. अंतराळातील शोध आपोआप शेतकऱ्याच्या बांधावर उतरत नाही. तो उतरवावा लागतो. ९८ टक्के पाणी परत मिळविणारे तंत्र एखाद्या नगरपालिकेच्या सांडपाण्याला, एखाद्या वसतिगृहाला, एखाद्या साखर कारखान्याला लावावयाचे तर त्यासाठी स्वस्त, दुरुस्त करता येण्याजोगे, गावातल्या तरुणाला समजेल असे रूप हवे. ते घडवणे हे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे आणि उद्योजकांचे काम आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांचे भाग घडले, विक्रोळीत गोदरेजने विकास इंजिने बनवली. महाराष्ट्राचा कामगार अंतराळापर्यंत पोहोचला आहेच. आता अंतराळाचे शहाणपण गावापर्यंत यावयाचे आहे. हे घडले नाही, तर शेतकऱ्याचा तो प्रश्न अनुत्तरित राहील आणि तो दोष शास्त्रज्ञांचा नसेल, समाजाचा असेल.

तळे सांगते ते

वाशिम हे तळ्यांचे आणि तीर्थांचे नगर. वत्स ऋषींची कथा, एकशेआठ तीर्थांची परंपरा, पद्मतीर्थ, देव तलाव आणि अठराव्या शतकातील बालाजीचे मंदिर ही नावे येथील प्रत्येकाच्या तोंडी आहेत. या परंपरेचा एक अर्थ भक्तीचा आहे आणि दुसरा अर्थ जलव्यवस्थेचा आहे. हा जिल्हा पाणलोटाच्या पाठीवर बसलेला. येथे पडलेल्या पावसाचा काही भाग पैनगंगेतून गोदावरीला आणि काही भाग पूर्णेतून तापीला जातो. म्हणजे पाणी येथे थांबत नाही, दोन्हीकडे निघून जाते. खाली काळा पाषाण, तो पाणी फार मुरू देत नाही. अशा ठिकाणी ज्याला वस्ती करावयाची, त्याला पाणी अडवणे अपरिहार्य होते. पूर्वजांनी अडवले आणि लोकांनी ते जपावे म्हणून त्याला तीर्थ म्हटले.

आणि आपण काय केले? गावोगावच्या तळ्यांत गाळ साचला. निर्माल्य त्यातच, प्लास्टरच्या मूर्ती त्यातच आणि सांडपाण्याचे गटारही त्यातच! नळ आला आणि तळे विस्मरणात गेले. ज्या समाजाला गावातले एक तळे स्वच्छ राखता येत नाही, तो समाज चंद्रावरच्या टाकीत साठवलेले पाणी कसे राखील? हा प्रश्न बोचणारा आहे. पण तो बोचला पाहिजे. अंतराळातील वस्ती म्हणजे सतत देखभाल. गाळणी बदलणे, सांधा तपासणे, धूळ झाडणे. चंद्राची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते. अपोलो मोहिमांतील वीरांचे पोशाख तिने तीन दिवसांत झिजवले. तेथे उद्घाटनाचा नारळ एकदाच फुटेल. नंतरचे सर्व दिवस झाडलोटीचे असतील. उद्घाटनाचा उत्साह आपल्याकडे विपुल आहे. देखभालीची निष्ठा वाढवावयाची आहे.

तळे आणखी एक गोष्ट सांगते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. अंतराळ स्थानकात एकच हवा असते. एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो, एकाच्या घामाचे पाणी दुसरा पितो. तेथे कोणाचे पाणी वेगळे, कोणाचा पेला वेगळा, हे शक्यच नाही. जो तसे करू जाईल तो स्वतःही मरेल आणि सोबत्यांनाही मारील. आपल्या समाजाने मात्र शतकानुशतके आपल्याच बांधवांना पाणवठ्यापासून दूर ठेवण्याचे पाप केले. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ते केवळ एका तळ्याचे पाणी नव्हते. वस्ती कशाला म्हणावे याची ती व्याख्या होती. ज्या वस्तीत पाणी सर्वांचे नाही, ती वस्ती नव्हे. ती एकत्र टाकलेली घरे आहेत. समरसता हा आपल्या कार्याचा विषय आहे तो व्यासपीठावर बोलण्यासाठी नव्हे, पाणवठ्यावर दिसण्यासाठी. आजही कोठे पाण्यावरून भेद दिसला, तर तेथे प्रथम कार्यकर्ता उभा राहिला पाहिजे.

२०४० चा विद्यार्थी

२०४० साली जो भारतीय चंद्रावर पाऊल ठेवील, तो कदाचित आज सेवेत असलेला वैमानिक असेल. परंतु त्यानंतर तेथे जाऊन राहणारे, भिंत सांधणारे, चवळी पेरणारे, पाणी राखणारे आज शाळेत आहेत. त्यांतील एखादी मुलगी मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या जिल्हा परिषद शाळेत बसलेली असणे अशक्य नाही. तिच्यासाठी आज काय करता येईल?

तिला एकदा लोणारला नेता येईल. नुसती सहल म्हणून नव्हे. विवराच्या काठावर उभे करून तिला सांगता येईल, की हे खाली दिसते ते आकाशाचे अक्षर आहे, वाचायला शीक. तिच्या शाळेत एका काचेच्या बंद भांड्यात माती, पाणी आणि एक रोप ठेवून वर्षभर नोंद ठेवण्याचा प्रयोग करता येईल. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि चक्र म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा लवकर कळते. तिच्या गावातले एक तळे निवडून उन्हाळ्यात त्याचा गाळ काढता येईल, पावसाळ्यात पाण्याची पातळी मोजून भिंतीवर लिहिता येईल, गणेशोत्सवात मातीची मूर्ती आणि वेगळा हौद यांचा आग्रह धरता येईल. हे काम एका शाखेला, एका महिला मंडळाला, एका गणेश मंडळाला सहज झेपणारे आहे. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

अमात्यांनी गडासाठी जे सांगितले, ते वाशिमसाठी खरे आहे आणि चंद्रासाठीही खरे आहे. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. राखीव टाके भरलेले असावे. ते भरलेले आहे की नाही, हे पाहणारा माणूस रोज तेथे गेला पाहिजे. अग्निबाण सोडणारे शास्त्रज्ञ देशाजवळ आहेत. टाके पाहायला रोज जाणारी माणसे गावागावात घडली, तर आकाशातील वस्तीही भारताच्या हातून उभी राहील आणि उभी राहिलेली टिकेल. येत्या उन्हाळ्यात पहिला गाळ आपल्याच गावच्या तळ्यातून निघो.

भारतमाता की जय.